तिचं बोट आणि माझा फुगलेला फोन

माझा फोन पुरीसारखा फुगला तेव्हा मी त्याला कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावलं. एका रबराला तो ऐकेना म्हणून दुसरं लावलं. मागचं झाकण खाली बसलं, पडद्यावर उजेड आला, माझं काम झालं. इथल्या छापखान्यात चाळीस वर्षं मी कागदाची रिळं ढकलली. तिथं एवढंच शिकलो की जे सुटतंय ते बांधायचं आणि मशीन चालू ठेवायचं.

मुलगी रविवारी जेवायला येते. ती इथं इंग्लंडात, वॉटफर्डातच जन्मली, कौन्सिलच्या म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात काम करते, आणि मराठी बोलते ती मला बरं वाटावं म्हणून. ताटाशेजारचा फोन बघून तिचा घास हातातच राहिला.

"बाबा, हे काय आहे?"

"फोन."

"त्याला रबर कशाला?"

"उघडतोय म्हणून."

"बाबा! त्याचा बॅटरी फुगला आहे. धिस इज डेंजरस. आग लागणार घराला!"

"असल्यानं आग लागत असती तर तुझ्या आईच्या तोंडानं हे घर कधीच जळलं असतं."

ती हसली. मग उठली, सांडशीनं फोन उचलला, मागच्या बागेत नेऊन रिकाम्या कुंडीत ठेवला आणि हात धुऊन परत जेवायला बसली. निघताना दारात म्हणाली, "नवीन फोन, बाबा. धिस वीक. मी काही ऐकणार नाही."

"बरं," मी म्हणालो.

तिची गाडी कोपऱ्यावरून वळली तसा मी बागेत गेलो, कुंडीतून फोन काढला, माती पुसली आणि रबरं सारखी केली.

कुणाला वाटेल म्हातारा चिकट आहे. चिकट मी आहेच, पण इथं कारण ते नव्हतं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. त्या फोनात माझ्या बायकोचं बोट होतं.

चेहरा नाही म्हणत मी. चेहऱ्याचे फोटो भिंतीवर आहेत, मुलीकडे आहेत, तिकडे साताऱ्याला तिच्या बहिणीकडे आहेत. बोट फक्त माझ्याकडे.

त्याचं असं झालं. ती सातवी शिकलेली, मी चौथी. म्हणजे घरात शिकलेली तीच. इंग्रजी ती डब्यांवरचं आणि पाकिटांवरचं वाचून शिकली. मी दिवसभर छापलेल्या कागदात उभा असायचो, पण मला काही ते आलं नाही. बोलतो मी धडाधड. वाचायला घेतलं की अक्षरं ओळखीची आणि शब्द परके. त्यामुळे घरातली सगळी यंत्रं तिच्या ताब्यात. मी बटणाला हात लावला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, त्याला हात लावू नका!" दिसत नसताना तिला कसं कळायचं, देव जाणे.

एकदा तिची बहीण आजारी पडली आणि हिला दोन महिने साताऱ्याला जायची वेळ आली. तिला काळजी बहिणीची कमी आणि माझी जास्त. जायच्या आदल्या दिवशी तिनं माझा फोन घेतला आणि घरभर फिरून फोटो काढले. उजव्या हातात फोन, डाव्या हाताचं पहिलं बोट ज्या त्या वस्तूवर. वॉशिंग मशीनचं बटण कुठवर फिरवायचं तिथं बोट. बॉयलरचा काटा कुठं असायला हवा तिथं बोट. शेगडीचा कुठला खटका मोठ्या जाळाचा, त्यावर बोट.

"लिहून का नाही देत?" मी विचारलं.

"लिहून दिलं तर तुम्ही वाचणार नाही. सांगितलं तर ऐकणार नाही. बोट दाखवते, ते तरी बघा."

चौथ्या दिवशी तिकडून व्हिडिओ कॉल आला.

"अहो, कपडे धुतलेत का?"

"धुतले की."

"मग तो शर्ट गुलाबी कसा दिसतोय?"

"फॅशन आहे."

"फॅशन! बोट बघा माझं, बोट. चाळीसवर आहे. तुम्ही साठवर नेलं असणार. आणि लाल टॉवेल आत टाकलात ना?"

टाकला होता.

ती परत आली तरी तिची ती सवय गेली नाही. कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा, फोटो. दुकानात जाऊन दही कुठलं, निळ्या झाकणाचं का हिरव्या, फोटो. सगळ्या फोटोंत ते बोट. विळीवर कापल्याची आडवी खूण, नखाच्या कडेला हळद, आणि मागं दोन हिरव्या बांगड्या.

मग तिचं आजारपण निघालं. हॉस्पिटलातून घरी आली की पडून राहायचं सोडून ही भिंतीला धरून खोल्याखोल्यांतून फिरायची. गॅसचा मीटर, पाण्याचा मुख्य नळ, कपाटात कुठल्या कप्प्यात घराचे कागद. मी चिडायचो. "सारखे फोटो काय काढतेस? घर विकायचंय का?"

"तुमचा अभ्यास घेतेय," ती म्हणायची.

ते फोटो ओळीनं बघत गेलं की दिसतं. बोट बारीक बारीक होत जातं. शेवटच्या फोटोंत बांगड्या दिसतच नाहीत, त्या घसरून कोपराकडे गेलेल्या असतात.

आता मला सगळं तोंडपाठ आहे. मशीन चाळीसवर, दही निळ्या झाकणाचं. फोटो बघायची गरज नाही. तरी कपडे लावताना बघतो.

तर असा हा फोन. तो बदलायचा म्हणजे त्यातलं सगळं दुसऱ्यात ओतायचं. मुलगी म्हणायची, पाच मिनिटांचं काम. पण ओतताना सांडतं, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. आमच्याच रस्त्यावर माझा एक मित्र राहतो, पुण्याचा, बँकेतून रिटायर झालेला. त्याला दर दोन वर्षांनी नवा फोन लागतो. मागच्या वेळी त्यानं फोन बदलला आणि ग्लासगोच्या नातीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. एकच उरला. त्यात पाळणा आहे आणि विहीणबाईंची पाठ आहे. नात नाही. तो फोटो त्यानं फ्रेम करून लावलाय आणि आल्यागेल्याला सांगतो, "पाठीच्या पलीकडे आमची नात आहे."

मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. बायको गेल्यावर त्याच्याकडे गेलो की मी त्या फोटोकडे पाठ करून बसायला लागलो.

म्हणून मी दिवस ढकलत होतो. आणि ढकलायला मला पंचांग सापडलं.

पहिलं कारण आपोआपच मिळालं. ती मार्गशीर्षात गेली. आपल्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर सणवार करत नाहीत, हौसेची नवी वस्तू आणत नाहीत. तेव्हा फोन फुगला नव्हता, नुसता म्हातारा झाला होता. सर्जरीचं, म्हणजे आमच्या डॉक्टरच्या दवाखान्याचं, अ‍ॅप त्यात चालेना. गोळ्या मागवायच्या तर त्या अ‍ॅपवरूनच. मुलगी म्हणाली, नवा घेऊ. मी तोंड पाडून म्हणालो, "वर्ष व्हायचंय अजून." तिनं बिचारीनं ते मानलं. मी गोळ्यांसाठी चालत सर्जरीत जाऊ लागलो. काउंटरवरची बाई दर वेळी म्हणायची, हे तुम्हाला घरबसल्या अ‍ॅपवर करता येतं. मी म्हणायचो, बाई, अ‍ॅपनं मला टाकलंय.

वर्ष झालं. वर्षश्राद्ध झालं. पुढच्याच रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, आता वर्ष झाला."

तेव्हा मित्र कामाला आला. तो म्हणाला होता की लवकरच नवं मॉडेल येतंय, ते आलं की आताचं स्वस्त होतं. मी तेच मुलीला ऐकवलं. नवं मॉडेल आलं. मग मी म्हणालो, आता त्याच्याही पुढचं येतंय म्हणे. ही युक्ती चैत्रापर्यंत चालली. मग देवानं अधिक महिना पाठवला.

"अधिक महिन्यात नवी खरेदी करत नाहीत," मी सांगितलं.

"अधिक म्हणजे एक्स्ट्रा ना?" मुलगी म्हणाली. "एक्स्ट्रा महिना आहे तर एक्स्ट्रा शॉपिंग करायची ना?"

"तसं नसतं ते."

फोन फुगला तो त्याच उन्हाळ्यात, आणि सांडशीचा प्रकार झाला तो त्यानंतर. मी "बरं" म्हणालो होतो, पण त्या आठवड्यात काही गेलो नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. एकदा गुडघा दुखत होता, एकदा पाऊस होता. पितृपक्ष लागला तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्या पितरांचे आभार मानले.

"पितृपक्षात काही घेत नाहीत," मी फोनवर म्हणालो. त्याच फुगलेल्या फोनवर.

पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबा, आईचा उपास असला की तुम्ही तिच्या समोर बसून आम्लेट खायचे."

"खायचो."

"आणि आता तुम्हाला पितृपक्ष कळते?"

"वय झालं की कळतं."

"मग वय झालं की फोन पण कळू दे ना!" आणि तिनं फोन ठेवला.

मित्रानं मात्र माझी ही पंचांगाची भक्ती खरी धरली. त्याला वाटलं, गडी दुःखानं देवाकडे वळला. तो रोज संध्याकाळी येऊन फोन कुठला घ्यावा यावर व्याख्यान द्यायचा. वहीत रकाने पाडून आणायचा. ह्याचा कॅमेरा असा, त्याची मेमरी तशी.

"अरे, डोळे उघडून बघ तरी! एवढा कॅमेरा घेतलास तर चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"मला आमच्या रस्त्यावरचे दिसतात, तेवढे पुरे."

"तू ना, तू शेणाच्या गोवऱ्या मोजायच्या लायकीचा आहेस."

"गोवऱ्या मोजता येतात. हे काय मोजायचं? माझ्या बापानं बैल घेतला तेव्हा दात बघितले, खूर बघितले, आणि विकणाऱ्याचं तोंड बघितलं. तुझ्या फोनला दात नाहीत का खूर नाहीत."

"मग विकणाऱ्याचं तोंड बघ!" तो म्हणाला आणि वही मिटून चहा पिऊन गेला. चहा तो दोन कप पितो. बायको असताना एक प्यायचा, कारण ती दुसरा द्यायची नाही.

यंदा दसरा आठवड्याच्या मधेच आला. सकाळी हा दारात उभा. हातात पानं. आपटा इथं कुठून मिळणार, तो दरवर्षी कोपऱ्यावरच्या कुंपणाचीच पानं तोडतो आणि सोनं म्हणून वाटतो. नेमकी मुलगी त्या दिवशी अर्धी सुट्टी घेऊन आलेली.

"काका, ते कुंपण कौन्सिलचं आहे," ती म्हणाली.

"मग कौन्सिलचं सोनं घे," तो म्हणाला आणि तिच्या हातात पान ठेवलं. मग माझ्याकडे वळला. "आज साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. आज पंचांग बघावं लागत नाही. घे फोन आणि मोकळा हो."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी पंचांगाकडे बघितलं. त्यात आता काही शिल्लक नव्हतं.

मी रबरं लावलेला फोन पिशवीत घातला आणि निघालो.

दुकान हाय स्ट्रीटवरच्या मॉलमध्ये. आत विकायला एक तरुण पोरगी होती, आपल्याच वळणाची, नाकात चमकी, पण बोलणं सगळं इंग्रजीतलं. मित्रानं सांगितलं होतं म्हणून मी आधी तिचं तोंड बघितलं. तोंड चांगलं होतं. माझा फोन बघून ती दोन पावलं मागं सरकली, मग धीर करून म्हणाली, "सर, हा किती दिवसांपासून असा आहे?"

"उन्हाळ्यापासून."

"हा कुठं ठेवता तुम्ही?"

"उशाशी."

मुलीनं कपाळावर हात मारला. तिला वाटत होतं, बोलून झालं की मी तो परत बागेतल्या कुंडीत ठेवतो.

मुलीनं आधीच एक महागडा फोन हेरून ठेवला होता. त्या पोरीनं तो माझ्या हातात दिला. गुळगुळीत, थंड, माशासारखा. ती म्हणाली, ह्याचा कॅमेरा सगळ्यात हुशार आहे. तुमचाच एखादा फोटो घेऊन दाखवते. तिनं माझ्या जुन्या फोनातला एक फोटो त्या नव्यात पाठवून घेतला. मला काही कळायच्या आत पडद्यावर आमची वॉशिंग मशीन आली. बटण चाळीसवर. आणि बोट.

"बघा," ती पोरगी म्हणाली, "हा फोटो छान आहे, पण मधे कुणाचं तरी बोट आलंय. असं होतंच. आता बघा हं."

तिनं आपल्या नखानं त्या बोटाभोवती एक गोल काढला.

बोट गेलं.

बांगड्या गेल्या. मशीनवर पडलेली हाताची सावली होती, तीही गेली. जिथं बोट होतं तिथं पांढरीशुभ्र मशीन आली, जशी काही तिथं कधी कुणी उभंच नव्हतं. बटण स्वच्छ दिसत होतं. चाळीसवर.

"किती क्लिअर झाला ना?" ती म्हणाली.

"बोट कुठंय?" मी म्हणालो.

"काढलं, सर. फोटो खराब करत होतं."

"परत लाव."

"सर, पण असा जास्त..."

"पोरी, परत लाव ते. मला बटण नकोय. बटण घरी आहे माझ्याकडे."

आवाज मोठा झाला असावा. शेजारी चार्जर बघणारा माणूस वळला. मुलगी पुढं आली. "बाबा, काय झालं? एक फोटो तर आहे." तिनं माझ्या हातातला जुना फोन घेतला, त्याच्यावर तोच फोटो होता, बोटासकट. ती बघत राहिली. मग दोन बोटांनी ताणून मोठा केला. विळीची आडवी खूण पडदाभर झाली.

"आईची विळी," ती मराठीत म्हणाली. मला नाही, स्वतःशीच. मग त्या पोरीला इंग्रजीत म्हणाली, "ते माझ्या आईचं बोट आहे. ती आता नाहीये."

पोरीनं तोंडावर हात धरला. मग घाईघाईनं कुठंतरी दाबलं आणि बोट परत आलं. बांगड्या आल्या, सावलीही आली. काही गेलंच नव्हतं म्हणे, मूळ फोटो आत तसाच असतो. एका टिचकीत गेलं, एका टिचकीत आलं. तेवढ्यात मी किती घामाघूम झालो ते माझ्या बनियनला ठाऊक.

ती पुन्हा पुन्हा सॉरी म्हणायला लागली. रडवेली झाली. मी म्हणालो, "तुझी नाही चूक. तुझ्या फोनला वाटलं चुकून आलंय. ती बाई चुकून कुठं येणाऱ्यातली नव्हती. माझ्या घरीसुद्धा मला नीट बघून, पसंत करून आली. त्यात तिची चूक झाली असेल तर ती वेगळी."

पोरगी हसली तेव्हा मला बरं वाटलं.

"आता मला सांग," मी म्हणालो, "ज्याला ही अक्कल नाही असा फोन कुठला?"

तिनं विचार केला. मग काचेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीकडे बोट दाखवलं. एक काळा, जाडसर फोन. "ह्याच्यात हे नाही. पण सर, ह्याचा कॅमेरा अगदी साधा आहे."

"मला कुठं नवे काढायचेत."

मी मुलीकडे बघितलं. सहा महिने ती मला बजावत होती, स्वस्तातलं घेऊ नका, एकदाच चांगलं घ्या. आता ती काही बोलेल म्हणून मी तयारीत होतो.

"साधा घेऊ," ती म्हणाली.

मग ओतायचं काम सुरू झालं. दोन फोन काउंटरवर शेजारी शेजारी, आणि मी स्टुलावर. मी सांगून टाकलं, सगळे फोटो आलेले डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठणार नाही. आधी नंबर आले. पोरीनं विचारलं, "हा 'घर' म्हणून पहिला नंबर आहे, हा लँडलाइन का?" तो बायकोचा नंबर. मी तिचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, मग फोनात तरी कसं लिहिणार? घर लिहिलं. तिनं मला "हे" म्हणून लिहून ठेवलं होतं. तो नंबर आता बंद आहे, पण मी म्हणालो, असू दे, येऊ दे त्यालाही.

मग फोटो यायला लागले. मी एक एक बघायचो आणि जुन्याशी ताडून घ्यायचो. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं.

"हे काय आहे?"

"पाण्याचा मुख्य नळ. सिंकच्या खाली."

"हे?"

"तुझ्या लहानपणीचे शाळेचे कागद, पलंगाखालच्या बॅगेत. तुला हवे असले तर सांगायला."

"आणि हा डबा?"

"त्यात माझे पायमोजे आहेत. मला सापडत नसत."

"बाबा, हे पायमोज्यांचे तीन फोटो आहेत."

"तीन वेळा सापडले नव्हते."

ती हसत होती आणि नाक पुसत होती. दुकानातली पोरगी दुसरं गिऱ्हाईक सोडून आमच्याच काउंटरला टेकून बघत होती. मधेच म्हणाली, माझी आजीही असंच बोट दाखवते, पण ती रागवून दाखवते. मी म्हणालो, हीही रागवूनच दाखवायची. फोटोत आवाज येत नाही म्हणून सोज्वळ वाटतेय.

शेवटी शेवटी बोट बारीक झालं तसं मुलगी स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. फोटो सरकत होते.

आणि मग तो एक आला. आमच्या पलंगाशेजारची भिंत, विजेचा सॉकेट, त्यात माझ्या फोनचा चार्जर, आणि पिनेवर बोट. हा मी नंतर कधी नीट बघितलाच नव्हता. चार्जर काय बघायचा? पण आता बघितला आणि सगळं आठवलं. ती पलंगावर उठून बसली होती, उशीला टेकून, आणि म्हणाली होती, "रात्रभर लावून ठेवत जाऊ नका हो. भरला की काढायचा. एक दिवस फुगेल तो." मी म्हणालो होतो, "तुला काय कळतं फोनातलं?"

मुलीनं फोटो बघितला. मग काउंटरवरच्या त्या रबर लावलेल्या फोनाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाबा."

"काय?"

"आईनं सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"आणि तुम्ही?"

"मी नेहमीसारखं."

ती इतकी हसली की तिला काउंटर धरावा लागला. मग मलाही हसू आलं. दीड-दोन वर्षांत मी तसा हसलो नव्हतो. त्या पोरीला आधी वाटलं आम्हाला काही झालं, मग मुलीनं तिला समजावून सांगितलं आणि तीही आमच्यात सामील झाली.

सगळे फोटो आले. एकही सांडला नाही. जुना फोन त्यांनीच ठेवून घेतला, लोखंडाच्या एका डब्यात, वर झाकण लावून. मी रबरं परत मागून घेतली. रबरं चांगली होती.

घरी आलो तर मित्र पूजेची तयारी करून बसलेला. दसऱ्याला हत्यारं पुजतात, तर तुझं हत्यार आण, म्हणाला. मी नव्या फोनचा खोका पुढं केला. त्यानं फोन हातात घेऊन उलटासुलटा केला.

"हा? इतके महिने वर्ष बघितलंस, अधिक बघितलास, पितृपक्ष बघितलास, आणि मुहूर्तावर हा ठोकळा आणलास?"

"हो."

"अरे, ह्याचा कॅमेरा तरी..."

"कॅमेरा बिनडोक आहे. म्हणून तर घेतला."

त्यानं मुलीकडे बघितलं. ती नुसतीच हसली. त्यानं हळद वाहिली, कुंकू लावलं, आणि कुंकू लावलं ते नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर. मग आमच्या दोघांचा फोटो काढायला गेला तर आम्ही दोघंही टोमॅटोसारखे लाल. "बघ, नवा फोन, पहिल्याच दिवशी लाजला," तो म्हणाला. मी त्याला दसऱ्याचा म्हणून दुसरा कप चहा न मागता दिला.

मुलगी जायच्या आधी म्हणाली, "बाबा, ते सगळे फोटो मला पाठवा." मी म्हणालो, मला पाठवायला येत नाही. तिनं मला शिकवलं. इथं दाबा, मग इथं. तिच्या बोटावर काही खूण नाही, तिनं विळी कधी हातात घेतली नाही. पण दाखवायची रीत तीच, नखानं टकटक करून, मी आंधळा असल्यासारखी.

ती गेल्यावर मी थोडासाच उतरलेला फोन पलंगाशेजारच्या सॉकेटला लावला आणि खाली येऊन भाताला कुकर लावला. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी व्हायच्या आत मी वर गेलो. फोन भरला होता.

पिन काढली.

"काढली गं," मी म्हणालो. "बघ."